सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही. वन-वे (सेल्फचा एकतर्फी क्लच) गेला का? घरी उघडावा का?

टॉमीपाना | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाईक सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड, फक्त सेल्फ, किक नाही (किक काढून टाकायची आयडिया ज्याच्या डोक्यात आली त्याला माझा लांबूनच नमस्कार). साधारण दोन महिन्यांपासून असं होतंय की सकाळी पहिला सेल्फ मारला की कधीकधी नुसता घर्रर्र असा मोकळा आवाज येतो, मोटर फिरतेय पण इंजिनाला त्याचा पत्ताच नाही. दोन-तीनदा बटण दाबलं की अचानक पकडतो आणि गाडी चालू, जणू काही झालंच नव्हतं. म्हणून मी पण दुर्लक्ष केलं. या आठवड्यात मात्र प्रमाण वाढलं, आज सकाळी पंधरा-सोळा वेळा दाबलं असेल, मध्येच एकदा जोरात 'खडाक्' असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का मारून चालू केली. चालू झाल्यावर एकदम गुळगुळीत, पिकअप, आयडलिंग, सगळं जागेवर.

आत्तापर्यंत केलेले उपद्व्याप: प्लग बदलला (याचा काही संबंध नव्हता हे आता कळतंय), सेल्फची मोटर काढून कार्बन (आतले ब्रश) बघितले, निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत, कॉम्युटेटर पुसून परत बसवली. फरक शून्य. एक जण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो वन-वे गेला, इंजिन खाली उतरवावं लागेल.

पाने, सॉकेट, ऍलन कीचा सेट आहे, मल्टिमीटर आहे पण तो रिमोटचे सेल बघण्यापुरताच वापरलाय. जाणकारांनी सांगा, हे घरी जमण्यासारखं आहे का?

ओहमकार | शनिवार, रात्री १०:२०

मल्टिमीटर आहे ना, मग अर्धं काम झालं. कव्हरच्या एकाही बोल्टला हात लावू नका आधी.

मोटरवर लोड आला की ती करंट ओढते, करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं. मोटर मोकळी फिरत असेल तर करंट कमी, व्होल्टेज फारसं पडतच नाही. म्हणजे तुमचा मीटरच सांगेल की मोटरला पलीकडे काही पकडायला मिळतंय की नाही. गाडी रात्रभर उभी राहू दे, सकाळी हेडलाइट न लावता आधी नुसतं बॅटरीचं व्होल्टेज घ्या. चांगली भरलेली लेड-ऍसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. मग सेल्फ मारताना बघा:

इंजिन नीट फिरत असताना १० ते ११ च्या मध्ये कुठेतरी, ठीक.
९.५ च्या खाली, बॅटरी किंवा कनेक्शन कमजोर.
नुसतं टकटकटक, मोटर फिरतच नाही, तर तो रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच) वाजतोय, परत बॅटरीच.
आणि घर्रर्र करत मोकळी फिरतेय आणि मीटर साडेअकरा-बाराच्या आसपास, तर मग मोटरच्या पुढे कुठेतरी घसरतंय.

दोन्ही वेळचे आकडे टाका, घसरतानाचा पण आणि पकडल्यावरचा पण. हे विसरू नका, लोक नेहमी एकच टाकतात.

आट्यापाट्या | शनिवार, रात्री १०:४५

ओहमकारशी सहमत. लक्षणं वन-वेचीच वाटतायत तरी पण मोजून घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. सायकलचं फ्रीव्हील माहितीय ना, पायडल मारलं की चाक फिरतं आणि पाय थांबवला तरी चाक चालूच राहतं, तसंच. सेल्फची मोटर एका आयडलर (मधल्या) गिअरमार्फत मोठा स्टार्टर गिअर फिरवते, तो गिअर मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावर बसलेल्या, चुंबक लावलेल्या चाकाच्या) मागे बसलेला असतो आणि दोघांच्या मध्ये हा वन-वे. मोटरने गिअर फिरवला की वन-वे पकडतो आणि मॅग्नेट म्हणजेच क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरते. इंजिन चालू झालं की क्रँक गिअरच्या पुढे पळते, तेव्हा वन-वेने सोडायचं. सोडलं नाही तर इंजिन त्या बिचाऱ्या मोटरला भलत्याच आरपीएमला फिरवेल.

प्रकार दोन. जुन्या आणि छोट्या गाड्यांत बहुतेक तीन रोलर, प्रत्येक रोलर एका तिरक्या खाचेत, मागून स्प्रिंग आणि टोपी त्याला खाचेच्या अरुंद बाजूला ढकलत राहते. दुसरा स्प्रॅगचा, त्यात इंग्रजी आठासारखे खूप सारे तुकडे एका पिंजऱ्यात उभे असतात, एका दिशेला आडवे होतात, दुसऱ्या दिशेला उभे राहून जॅम होतात. दोन्हीत पकड ही फक्त स्टीलवर स्टीलची, दात वगैरे काही नाहीत, म्हणून रोलर झिजला, स्प्रिंग मेली किंवा गिअरची नळी (ज्याच्यावर रोलर बसतात ती) झिजली की घसरायला लागतं.

इंजिन उतरवण्याबद्दल: काही जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत हा क्लच क्रँककेसच्या पोटात असतो, तिथे खरंच इंजिन खाली घेऊन केस फोडावी लागते. तुमच्या सिंगलमध्ये मॅग्नेट डाव्या कव्हरखाली असेल तर इंजिन जागेवर ठेवून होतं.

अजून एक टेस्ट, फुकटची. डाव्या कव्हरवर मधोमध गोल झाकण असेल, ते उघडा, आत मॅग्नेटचा नट दिसतो. प्लग काढा, तो परत कॅपमध्ये खोचून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून अर्थ करून ठेवा, मग सेल्फ मारा. कॉम्प्रेशन नाही म्हणून बहुतेक नट फिरेल. मग प्लग लावून परत. प्लग नसताना फिरतो आणि प्लग लावला की घसरतो, असं झालं तर वन-वेवर माझी पैज.

जुनाट कार्ब्युरेटर | शनिवार, रात्री ११:१०

सगळे वन-वेच्या मागे लागलेत म्हणून एक विरोधी मत. ऑइल कुठलं आहे? चुकीच्या ग्रेडचं जाड ऑइल भरलं की थंडीत रोलर त्या ऑइलमध्ये चिकटून बसतात, खाचेत पटकन सरकत नाहीत, आणि हेच लक्षण येतं, सकाळी घसरतो, गरम झाल्यावर पकडतो. आणि कारचं ऑइल भरलंय का? त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, बाईकला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे, ते खरं ओल्या क्लचसाठी असतं पण वन-वे पण त्याच ऑइलमध्ये पोहतो.

शिवाय आयडलर गिअरचे दात तुटलेले असले, किंवा काही गाड्यांत गिअरच्या लाइनमध्ये टॉर्क लिमिटर (जास्त जोर आला की मुद्दाम घसरणारा भाग) असतो तो घसरत असला तरी आवाज हाच. तेव्हा पार्ट आधी मागवू नका.

टॉमीपाना | रविवार, सकाळी ११:३०

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच आहे, एमए२, सहा महिने जुनं.

आकडे. उभी असताना १२.४२. घसरताना ११.५. पकडल्यावर चक्क ८.८!! इंजिन फिरलं पण असं कण्हत कण्हत. प्लगची टेस्ट पण केली, प्लग काढला की नट मस्त गरगर फिरतो, प्लग लावला की पाचपैकी तीन वेळा नट जागेवर आणि नुसती घर्रर्र.

म्हणजे वन-वे पण गेलाय आणि बॅटरी पण गेलीय? एकदमच दोन्ही?

ओहमकार | रविवार, दुपारी १२:०५

एक मिनिट. काळी वायर कुठे लावली होती?

टॉमीपाना | रविवार, दुपारी १२:१५

इंजिनाच्या फिनला. बॅटरीचा मायनस टूलबॉक्सच्या मागे आहे, हात पोचत नव्हता. लाल मात्र बॅटरीच्या प्लसलाच.

ओहमकार | रविवार, दुपारी १२:२०

वाटलंच. टूलबॉक्स काढा आणि दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर ठेवून परत घ्या, पकडतानाचा आकडा. बोल्टवर नाही, लगवर (वायरच्या टोकाच्या चकतीवर) नाही, शिशाच्या टर्मिनलवर.

टॉमीपाना | रविवार, दुपारी १:४०

१०.२. तीनदा घेतला. १०.२, १०.२, १०.१.

ओहमकार | रविवार, दुपारी २:००

मग बॅटरी मेलेली नाही, थोडी कमी भरलेली आहे एवढंच. १०.२ मधून ८.८ गेले की राहतात १.४ व्होल्ट, ते बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतच्या वाटेत गायब होतायत. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनवर ठेवून सेल्फ मारा, सरळ १.४ दिसेल. तिथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. प्लसच्या बाजूला पण तसंच, बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या स्टडपर्यंत, तिकडे मधे रिले आहे म्हणून ०.५ पर्यंत चालवून घेऊ.

आणि खरी गंमत ऐका, या दुसऱ्या रोगानेच बहुतेक पहिला दिलाय. मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की इंजिन हळू फिरतं. स्पार्क तर पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी पडतो. वेगात फिरत असेल तर पिस्टन त्या झोकात वरून पलीकडे जातो, हळू असेल तर स्फोट त्याला उलटा खाली ढकलतो, क्रँक उलटी फिरते. इकडे मोटर गिअरला पुढे ढकलतेय, तिकडे क्रँक मागे, मधे सापडला वन-वे. तुमचा तो 'खडाक्' तोच. असे खडाक् पुरेसे झाले की रोलर चपटे होतात, स्प्रिंगा तुटतात.

म्हणजे नुसता वन-वे बदलला असता तर नवीन पण तसाच मेला असता, आणि मग सगळे पार्टला शिव्या घालत बसले असते.

नवशिक्या रायडर | रविवार, दुपारी ३:१०

धाग्याला थोडं फाटे फोडतोय, माफ करा. माझं उलटं आहे. गाडी चालू झाल्यावर बटण सोडलं तरी सेल्फचा आवाज येतच राहतो, कर्कश्श. हा पण वन-वेच का?

आट्यापाट्या | रविवार, दुपारी ३:३०

दोन शक्यता. पुढच्या वेळी असं झालं की चावी बंद करा. इंजिन बंद पडलं तरी मोटर फिरतच राहिली तर रिलेचे आतले पॉइंट चिकटलेत, ताबडतोब बॅटरीची वायर काढायची, नाहीतर वायरिंग पेटेल. इंजिनाबरोबरच आवाज थांबला तर वन-वे सोडत नाहीये आणि इंजिन मोटरला ओढतंय. कुठलंही असो, तोपर्यंत चालवू नका, मोटरचं आर्मेचर जळतं.

टॉमीपाना | सोमवार, रात्री ९:१५

हायला. इंजिनाच्या मागच्या बाजूला जो अर्थचा बोल्ट आहे तो काढला, लगच्या खाली पांढरी-हिरवी पावडर, आणि लग अर्धी रंगावर बसलेली. मायनसकडचा ड्रॉप १.४ च होता बरोब्बर (ओहमकार, साष्टांग). घासून, चकचकीत करून, बसवली, आता ०.१. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, १२.७.

आता इंजिन फिरतं तेव्हा जोरात फिरतं, पण घसरणं तसंच आहे, किंबहुना जास्तच. म्हणजे उघडायला लागणारच. शनिवारी बसतो. काय काय लक्षात ठेवू?

आट्यापाट्या | सोमवार, रात्री १०:००

घसरणं वाढलं कारण मोटर आता पूर्ण ताकदीने फिरवतेय, झिजलेल्या रोलरला ते झेपत नाही. बरोबर आहे.

मॅग्नेट पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) मिळाल्याशिवाय सुरू करू नका, पहिली गोष्ट ही. तीन पायांचा बाजारू पुलर नाही, तुमच्या मॅग्नेटच्या मधल्या आट्यात बसणारा. बॅटरीचा मायनस काढा. गाडी उजवीकडे झुकवून टेकू दिला तर ऑइल न काढता पण कव्हर उघडता येतं, पण तुमच्यात स्प्रिंग तुटलेली असायची शक्यता धरून मी तर ऑइल काढूनच टाकेन, का ते पुढे कळेल.

गिअरचा खटका काढायच्या आधी त्याच्या शाफ्टवर रंगाची खूण करा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथला तिथे भोकात खोचत जा. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर आटे फाडतो किंवा आत जाऊन काहीतरी फोडतो. कव्हर निघताना मॅग्नेट आतून ओढतो, ढिलं झालं असं वाटतं आणि फटकन परत बसतं, बोटं सांभाळा. स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) आणि पल्सर (स्पार्कची वेळ सांगणारा सेन्सर) कव्हरबरोबरच बाहेर येतात, कव्हर वायरवर लोंबकळत ठेवू नका. दोन डॉवेल पिन (कव्हर जागेवर बसवणाऱ्या छोट्या नळ्या) हरवू नका, आणि आयडलर गिअर त्याच्या शाफ्टसकट खाली पडतो, त्याचे वॉशर कुठल्या बाजूला होते याचे फोटो काढा. फोटो, फोटो, फोटो.

मॅग्नेटचा नट: टॉप गिअर टाका, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबायला लावा, लांब दांडी लावून सोडवा. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवायचा प्रकार करू नका.

टॉमीपाना | शनिवार, दुपारी १२:५०

अर्जंट! मॅग्नेट निघत नाहीये. पुलर घट्ट, दांडीला पाइप लावला, घाम फुटला, हलत नाही. हातोडीने मॅग्नेटच्या कडेला मारू का चारी बाजूंनी?

ग्रीसलेले हात | शनिवार, दुपारी १२:५४

नको!!! थांबा!

मॅग्नेटच्या आत चुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, ठोकलं की तडकतात किंवा सुटतात, आणि मग हजारो आरपीएमला सुटलेली पट्टी स्टेटरचा चुरा करते. क्रँकला पण फटका बसतो.

पुलर ताणून घट्ट करा आणि मग पुलरच्याच मधल्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एक सरळ, कोरडा टोला द्या. निघाला नाही तर पाव फेरा अजून घट्ट, परत एक टोला. मॅग्नेट सुळक्यावर (क्रँकच्या निमुळत्या टोकावर) बसलेला आहे, आट्यावर नाही, धक्क्यानेच सुटतो. पुलरच्या बोल्टचं टोक क्रँकच्या आट्यात शिरत नाहीये ना ते बघा, मॅग्नेटचा नट उलटा करून चारेक आटे लावून ठेवायचा म्हणजे क्रँकचं तोंड वाचतं.

टॉमीपाना | शनिवार, दुपारी १:२०

निघाला!! तिसऱ्या टोल्याला 'टण्ण' असा बंदुकीसारखा आवाज, मी दोन पावलं मागे. पण क्रँकच्या खाचेतली ती अर्धचंद्रासारखी चावी कुठे गेली? खाली, ऑइलच्या ट्रेमध्ये, पायाखाली, सगळीकडे शोधलं.

ग्रीसलेले हात | शनिवार, दुपारी १:२२

मॅग्नेटच्या आत बघा :)

टॉमीपाना | शनिवार, दुपारी १:२५

…हो. चुंबकाला चिकटून बसली होती.

टॉमीपाना | शनिवार, संध्याकाळी ६:४०

तर आतली परिस्थिती. माझ्यात तीन रोलरवाला आहे. एक रोलर बरा. दुसऱ्यावर दोन ठिकाणी सपाट पट्टे, बोटाने फिरवला की कळतात. तिसऱ्याची स्प्रिंग तुटून दोन तुकडे झालेले, टोपी तिरकी होऊन खाचेत अडकलेली, म्हणजे तो रोलर कामच करत नव्हता, दोघांवर गाडी चालली होती. गिअरच्या नळीवर एक चमकदार पट्टा, त्यात नख फिरवलं की अडकतं. मॅग्नेटच्या मागे वन-वे धरणाऱ्या तीन ऍलन बोल्टांपैकी एक हाताने सुटण्याइतका ढिला. आणि तुटलेल्या स्प्रिंगचे दोन तुकडे जोडून चांगल्या स्प्रिंगशेजारी ठेवले तर दीड वेटोळं कमी भरतंय.

जुनाट कार्ब्युरेटर | शनिवार, संध्याकाळी ७:००

बरं मग ऑइलचा माझा तर्क चुकला, मान्य.

पण लगेच पार्ट मागवू नका. रोलर पॉलिश पेपरने गोल घासा, राहिलेल्या स्प्रिंगा थोड्या ताणा, तुटलेलीच्या जागी पेनातली कापून घाला. आम्ही असंच करायचो.

ग्रीसलेले हात | शनिवार, संध्याकाळी ७:१५

काका, आदर राखून सांगतो, मीही केलंय हे. तीन आठवडे चाललं. ताणलेली स्प्रिंग परत बसते, घासलेला रोलर बारीक होतो म्हणजे खाचेत अजून आत जाऊन पकडतो आणि घसरायला अजूनच तयार. पेनातल्या स्प्रिंगेबद्दल तर बोलतच नाही. एवढं उघडल्यावर रोलर, स्प्रिंगा, टोप्या तिन्ही सेट, आणि नख अडकतंय तर गिअर पण नवीनच. नवीन रोलर आणि जुनी नळी म्हणजे परत तेच. मायक्रोमीटर असेल तर नळीचा बाहेरचा व्यास मोजून मॅन्युअलमधल्या लिमिटशी ताडून बघा, पण चर पडलीय तिथे माप बघायची पण गरज नाही.

आणि ते दीड वेटोळं सापडल्याशिवाय गाडी जोडायची नाही.

आट्यापाट्या | शनिवार, संध्याकाळी ७:३०

म्हणूनच मी ऑइल काढा म्हणलो होतो. आधी मॅग्नेटच्या आत, मग ड्रेन बोल्टवर चुंबक असेल तर तिथे, मग ऑइलची जाळी.

मागचे बोल्ट सोडवताना काळजी, ते लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावलेले असतात, काहींची कड ठोकून बसवलेली असते. ऍलनचं तोंड गोल झालं की संपलं. नवीन धारदार बिट, खाच साफ करून, इम्पॅक्ट ड्रायव्हरने. गरम करायची वेळ आली तर हीट गनने फक्त बोल्टपाशी, गॅसची ज्योत नको, त्या चुंबकाच्या गोंदाचं काय होईल सांगता येत नाही.

टॉमीपाना | रविवार, सकाळी १०:१०

सापडलं! ऑइलच्या जाळीत. इतकुसा तुकडा, पण ऑइल पंपात गेला असता तर… असो. पार्ट मागवलेत.

टॉमीपाना | गुरुवार, रात्री ८:३०

पार्ट आले, बसवले, पण आता डोकं फिरलंय. मॅग्नेट पालथा ठेवलाय, म्हणजे गिअर वर. गिअर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर अडकतो, उलट्या दिशेने मोकळा फिरतो. इंजिन डावीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं ना? मग त्याच दिशेने अडकायला हवा होता. मी उलटं बसवलं का?

जुनाट कार्ब्युरेटर | गुरुवार, रात्री ८:४५

उलटं बसलंय. इंजिनच्या दिशेने अडकलं पाहिजे. काढा परत.

आट्यापाट्या | गुरुवार, रात्री ८:५०

काढू नका! नियम बरोबर आहे, मॅग्नेट धरून ठेवला तर गिअर इंजिनच्या दिशेने अडकला पाहिजे आणि उलट्या दिशेने मोकळा. पण इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं ते डावीकडे उभं राहून, मॅग्नेटचं तोंड बघताना. तुम्ही आता मॅग्नेट पालथा घातलाय, त्याची पाठ बघताय. पाठीमागून बघितलं की तीच दिशा घड्याळाच्या काट्याची होते. काचेच्या दारावर लिहिलेलं आतून वाचल्यासारखं. तुमचं बरोबर आहे.

रोलरवाल्यात खाचाच तिरक्या असतात म्हणून उलटं बसणं अवघड, पण स्प्रॅगचा पिंजरा उलटा आरामात बसतो, तिथे लोक हमखास फसतात. खात्री हवी तर जोडताना मॅग्नेट क्रँकवर नुसता ठेवा, नट न लावता, आणि गिअर हाताने फिरवा.

जुनाट कार्ब्युरेटर | गुरुवार, रात्री ९:००

पालथा आहे हे वाचलंच नाही मी. चष्मा.

ग्रीसलेले हात | गुरुवार, रात्री ९:२०

बसवताना: ते तीन बोल्ट आणि त्यांची भोकं ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडी करा, जुना लॉकटाइट खरवडून काढा, नवीन थेंब, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने. गिअरच्या नळीला, रोलरला आणि आतल्या नीडल बेअरिंगला इंजिन ऑइल लावा, ग्रीस नाही. क्रँकचा सुळका आणि मॅग्नेटचं भोक मात्र अगदी कोरडं, बोटाचं ऑइल पण नको, तिथली पकड घर्षणाचीच आहे, चावी फक्त जागा दाखवायला. गिअरमागचा पातळ वॉशर जुन्या गिअरला चिकटून गेला नाही ना तेवढं बघा. चुंबकावर लोखंडाचा चुरा राहिला असेल तर चिकटपट्टीने उचला. कव्हरचं पॅकिंग नवीन.

टॉमीपाना | रविवार, संध्याकाळी ५:०५

झालं. वॉशर खरंच जुन्या गिअरला चिकटला होता, ग्रीसलेले हात यांच्या तोंडात साखर पडो. दुपारी ऑइल भरलं, आधी प्लग काढून पाच-सहा सेकंद फिरवलं म्हणजे ऑइल सगळीकडे पोचेल, मग प्लग लावला. पहिल्या झटक्यात चालू. बंद केली, परत चालू, बंद, चालू, वीसेक वेळा झाल्यावर शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं म्हणून थांबलो. कव्हरच्या खालच्या बोल्टपाशी एक थेंब ऑइल दिसतंय, उद्या परत बघतो.

ओहमकार | रविवार, संध्याकाळी ५:३०

अभिनंदन. आकडा?

टॉमीपाना | रविवार, संध्याकाळी ५:४०

हाहा, माहीत होतं. उभी १२.७, सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४, मायनस ते इंजिन ०.१, प्लस ते मोटर ०.३.

फक्त वाचक | मंगळवार, रात्री १०:१५

धागा आधाशासारखा वाचला. माझी पण घर्रर्र करते, मीटरवर ११.८, प्लगची टेस्ट पण सेम टू सेम. अर्थचा ड्रॉप ०.१५, ठीक असावा. पुलर मागवायचाय, कुठल्या मापाचा मागवू? टॉमीपाना यांचा चालेल का?

आट्यापाट्या | मंगळवार, रात्री १०:४०

दुसऱ्याचा पुलर अंदाजाने मागवू नका. मॅग्नेटच्या मधल्या भोकाचे आटे आत आहेत की बाहेर, व्यास किती, पिच किती, आणि डावे की उजवे, हे आधी बघा. खूप मॅग्नेटांना एम२७ × १ डावे आटे असतात, तिथे उजव्या आट्याचा जोर लावून घातला की मॅग्नेटच गेला. कव्हर उघडा, व्हर्निअर लावा, फोटो टाका, मग सांगतो.